मुतरी भिंत

माझ्या आत्याला अख्खी गल्ली 'शी-आत्या' म्हणायची, कारण तिचं प्रत्येक वाक्य 'शी'ने सुरू व्हायचं. दुसऱ्याच्या कपातून ती कधी चहा प्यायली नाही. स्वतःचा कप फडक्यात गुंडाळून पिशवीत बाळगायची. आणि अशा बाईच्या नशिबी नोकरी कुठली, तर वस्तीमागच्या दगडखाणीच्या दुरुस्तीकामावर मुकादमाची. नशिबालाही विनोद सुचतात, पण घाणेरडेच.

खाण केव्हाच बंद पडली होती. मालकांनी डोंगराचा पायथा खाऊन दगड विकला, वरचा कडा तसाच लोंबकळत ठेवला आणि पोबारा केला. पाऊस लागला की कडा सुटायचा. एकदा खालच्या गल्लीतल्या घरांच्या मोऱ्या दरडीखाली गेल्या. एवढं होऊनही वरच्या-खालच्या दोन्ही गल्ल्यांतली माणसं काय करत होती? कड्यावर जाऊन कचरा टाकत होती! बाळांचे लंगोट, मेलेली मांजरं, मुतलेल्या गाद्या. मला त्या लोकांची अजून किळस येते, आणि त्यांत आमचे नातेवाईकही आहेत.

शेवटी दुरुस्तीचं काम निघालं. आत्याच्या टोळीने सुटे दगड काढले, कड्याला रुंद पायऱ्या पाडल्या, त्यांवर माती घालून गवत लावलं. पायथ्याची जाड भिंत बांधली माझ्या बाबांनी, म्हणजे तिच्या थोरल्या भावाने. बाबा गवंडी. 'माझ्या भिंतीला ओल येत नाही' हे ते जेवतानासुद्धा ऐकवायचे. या भिंतीत मात्र ओळीने पाइप ठेवायचे होते, डोंगरातलं पाणी बाहेर पडावं म्हणून. बाबांनी ते नाक मुरडत ठेवले.

पाइपांतून पाणी आलं ते तपकिरी, बुळबुळीत, डोकं उठवणाऱ्या वासाचं. वर टाकलेला कचराच कुजून खाली उतरत होता. स्वतःच्याच घाणीसमोर नाक दाबून गल्लीने भिंतीचं नाव ठेवलं, मुतरी. आत्या रोज सकाळी तोंडाला फडकं बांधून, 'शी, शी' करत, प्रत्येक पाइपात सळई घालून गाळ मोकळा करायची. उमासा आला तर बाजूला जाऊन ओकायची, चूळ भरायची आणि पुढच्या पाइपाकडे वळायची.

बाबांना मात्र ते नाव जिव्हारी लागलं. वाण्याच्या दुकानात कुणीतरी विचारलं, "काय मुतरीवाले, काय देऊ?" बाबा सामान न घेताच घरी आले.

पुढे आत्या लेकीच्या बाळंतपणाला परगावी गेली, तेव्हा बाबांनी सगळे पाइप सिमेंटने बुजवले आणि वरून गुळगुळीत गिलावा केला. झाकली मूठ सव्वा लाखाची! गल्ली खूश. बाबांची मान ताठ.

आत्या परतली तेव्हा कितीतरी दिवसांची झड नुकती थांबली होती. भिंतीतून थेंब येत नव्हता. ती 'शी' म्हणाली नाही. पायऱ्या चढून वर गेली. गवतात लांबलचक भेग पडली होती, तीत तिचा हात कोपरापर्यंत गेला. खाली भिंतीला मधोमध पोट सुटलं होतं.

तिने आधी खालची गल्ली रिकामी करवली. दारोदार फिरून, शिव्या खाऊन, सगळ्यांना शाळेच्या मैदानात धाडलं. मग बाबांना गाठलं.

"दादा, पाइप कुठायत?"

"अगं, लोक काय काय बोलत होते..."

"तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. तोंड दाबलंस तू भिंतीचं, बुक्के बसणार खालच्या पोराबाळांना."

बाबांनी ड्रिल उचललं. गिलाव्याखाली पाइप कुठे आहेत, हे आता फक्त त्यांनाच ठाऊक होतं. आत्याने एक गडी भेगेवर नजर ठेवायला उभा केला. भेग हलली की शिट्टी, शिट्टी झाली की पळायचं.

"कडेपासून सुरू कर. पोटाखाली जायचं नाही. आणि भोकासमोर उभा राहू नकोस, दादा."

बाबांनी ड्रिल लावलं. माल इतका पक्का की फुटता फुटेना. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी स्वतःच्या कामाला शिवी घातली. अखेर भोक पडलं, पण बाहेर काहीच येईना. सवयीने बाबा डोळा लावायला वाकले आणि सगळा काळा गाळ त्यांच्या डोळ्यांत, नाकात, तोंडात गेला.

ते गुडघ्यांवर बसून ओकू लागले. आत्याने धावत जाऊन उघड्या बोटांनी त्यांच्या तोंडातला गाळ काढला, कपाचं फडकं सोडून चेहरा पुसला आणि स्वतःच्या कपात पाणी भरून तो त्यांच्या ओठांना लावला. मग बाबा पुन्हा उठले. कडेचे पाइप वाहून भेग स्थिरावल्यावरच आत्याने त्यांना मधल्यांना हात लावू दिला. पोट आत गेलं नाही, पण पुढेही आलं नाही. भिंत उभी राहिली.

संध्याकाळी गल्ली नाक दाबत परत आली. आभार राहिले बाजूला! आमची एक शेजारीण भिंतीकडे बघून म्हणाली, "शी! लागली का परत मुतायला?"

बाबा आत्याच्या कपातून अजून चुळा भरत होते.

"मुतू दे, वहिनी," ते म्हणाले. "तुमचंच आहे ते."