आप्पांसाठी काढलेली वळणं

प्रागमधलं ते जुनं घड्याळ वाजायला पाच मिनिटं होती. चौकात जगभरचे लोक माना वर करून उभे होते आणि आमच्या चौघांतला मिलिंद तेवढा गायब होता. शोधत गेले तर दोन गल्ल्या पलीकडे, ट्रामच्या रुळांपाशी, मोबाइल छातीशी धरून उभा. समोरून ट्राम आली, वळली, गेली. तोपर्यंत पठ्ठ्याने पापणी हलवली नाही. मग मोबाइल खाली घेऊन म्हणाला, "झकास वळली ना? तुमचं घड्याळ वाजलं का?"

मिलिंद आणि मी दोघेही मुंबईतल्या दिंडोशीचे. आमच्या दोन सोसायट्यांच्या मध्ये फक्त एक मैदान. पण ते मैदान ओलांडून त्यांच्याकडे जाण्याची आमच्या घरात पद्धत नव्हती. कारण कुणी बोलून दाखवत नसे, सगळ्यांना ठाऊक मात्र होतं. त्यामुळे एकवीस वर्षं शेजारी राहून आमची ओळख झाली ती जर्मनीतल्या एका लहान गावात, विद्यापीठाच्या हॉस्टेलमधल्या सामाईक स्वयंपाकघरात. मी पहिल्यांदाच पोहे केले होते. त्याने एक घास खाल्ला, बशी खाली ठेवली आणि म्हणाला, "सरळ सांगतो, राग मानू नको. हा ओल्या पुठ्ठ्याचा चुरा आहे." राग मी मानलाच. दुसऱ्या दिवशी त्याने मला पोहे भिजवायला शिकवलं.

"सरळ सांगतो" हे त्याचं पालुपद होतं. कुणी आढेवेढे घेऊ लागलं की "सरळ सांग ना यार!" एकदा प्राध्यापकांनी बेरीज चुकवून त्याला चार गुण जास्त दिले. हा स्वतः जाऊन ते कमी करून आला. आम्ही त्याला वेड्यात काढलं. तो म्हणाला, "मला माहितीये ना की ते माझे नाहीत. मग रोज त्यांच्याकडे बघत काय बसू?" त्याच्या स्पष्टपणाने माणसं दुखावत, पण दोन दिवसांनी त्याच्याचकडे सल्ला विचारायला येत. मीही त्यातलीच.

ट्रामच्या वळणांचे ते व्हिडिओ काढण्याचं कारण होते त्याचे वडील, आप्पा. त्यांनी तीस वर्षं मुंबईत बस चालवली आणि निवृत्त झाल्यावर गुडघ्यांनी त्यांना घरात बसवलं. मुलगा परदेशी निघाला तेव्हा त्यांनी त्याच्याकडे घड्याळ मागितलं नाही, अत्तर मागितलं नाही. तिकडचे ड्रायव्हर गाडी कशी वळवतात ते दाखव म्हणाले. "सरळ रस्त्यावर कुणी पण चालवतं, वळणावर ड्रायव्हर कळतो," हे त्यांचं म्हणणं मिलिंदने मला इतक्यांदा ऐकवलं होतं की ते मी स्वतः ऐकलंय असंच वाटायचं. मिलिंद रोज एक तरी वळण पाठवी. आप्पांना टाइप करता येत नसे. चहा झाला की ते आवाजी निरोप पाठवत आणि प्रत्येक निरोप सुरू होई तो "हॅलो, मी आप्पा बोलतोय" असा, जणू दुसरं कुणी बोलण्याची शक्यता होती.

प्रागच्या त्या ट्रामची चालक एक बाई होती. आप्पांचं उत्तर अर्ध्या तासात आलं. आम्ही रस्त्यातच उभं राहून ऐकलं. "हॅलो, मी आप्पा बोलतोय. बाई चांगली चालवते. पण वळताना तिनं मागं नाही बघितलं. भेटली तर तिला सांग." श्रुती हसता हसता फुटपाथवर बसली. श्रुती पुण्याची, ईस्टरच्या सुट्टीतल्या या सहलीचा सगळा आराखडा तिने तासातासाचा बांधला होता. प्राग, व्हिएन्ना, बुडापेस्ट आणि परत. चौथा होता तिचा वर्गमित्र अमोल, जो बहुतेक वेळ झोपलेला असे.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही बसने व्हिएन्नाला निघालो. निघण्यापूर्वी मिलिंदने नदीकाठचं एक मोठं वळण टिपलं होतं आणि बसमध्ये बसून तो ते पाठवायच्या खटपटीत होता. नेटवर्क येत होतं, जात होतं. मी वैतागले. म्हटलं, "ठेव ना तो फोन. उद्या पाठव. आप्पा कुठे पळून चाललेत? बाहेर बघ जरा." त्याने ऐकलं. फोन खिशात टाकला आणि खिडकीबाहेरची पिवळी शेतं बघत बसला.

व्हिएन्नातल्या पहिल्या सकाळी आईचा फोन आला. मी तिथल्या यूथ हॉस्टेलच्या स्वयंपाकघरात पावाला लोणी लावत होते, बाकीचे तिघे आवरत होते. आई म्हणाली, "जवळपास मिलिंद नाही ना? बाजूला जा." आम्ही दोघं इकडे आल्यापासून आमच्या आया त्या मैदानाच्या दोन टोकांवरून फोनवर बोलू लागल्या होत्या, म्हणून तिला लगेच कळलं होतं. आप्पा पहाटे गेले. हृदयविकाराचा झटका. मग मिलिंदची मोठी बहीण, प्रज्ञाताई, हिचा फोन आला. ती रडत होती तरी तिने सगळं ठरवून ठेवलं होतं. संध्याकाळी अंत्यसंस्कार उरकायचे. मिलिंदला इतक्यात सांगायचं नाही. "तो परक्या गावात आहे गं. ऐकून वाटेत कुठे काय करून घेईल. हॉस्टेलवर परत पोचू दे, मी तिकीट काढून ठेवते, मगच सांगते. चार दिवस सांभाळ त्याला. तुझ्याशिवाय तिथे आमचं कुणी नाही." आणखीही एक गोष्ट ती हुंदके देत बोलली. ती मी ऐकली आणि तिथेच ठेवून दिली.

मी "हो" म्हटलं. आपल्याकडे असंच करतात, हे मी लहानपणापासून बघत आले होते. परीक्षा असलेल्या मुलीला आजी गेल्याचं पेपर संपल्यावर सांगतात. परगावी असलेल्याला "जरा बरं नाही, ये" एवढंच कळवतात. त्यात कुणाचा वाईट हेतू नसतो, म्हणून कुणी त्याला खोटंही म्हणत नाही.

पण फोन ठेवल्यावर मी एक गोष्ट केली. मोबाइलवर विमानं बघितली. दुपारी एक विमान होतं, वाटेत एकदा बदलून दुसऱ्या दिवशी सकाळी मुंबईत पोचणारं. त्यात जागाही होती. एक दिवस आप्पांना थांबवलं असतं तर तो पोचला असता. हे मी प्रज्ञाताईला कळवलं नाही. त्यांच्या घरातला निर्णय, आपण मध्ये कशाला पडायचं, असं मी स्वतःला सांगितलं. बुडापेस्ट बघायची माझी इच्छा त्यात मुळीच नव्हती, असं मात्र मला छातीठोकपणे सांगता येणार नाही.

मिलिंद अंघोळ करून आला आणि सगळ्यात आधी त्याने प्रागचं राहिलेलं वळण पाठवलं. मग दिवसभर आम्ही राजवाडे बघितले. त्याने ट्रामची तीन वळणं टिपली आणि तीही पाठवली. संध्याकाळी फोन बघून म्हणाला, "ब्लू टिक आलीये. आप्पांनी बघितलं, पण बोलले नाहीत काही. रागावले काय?" फोन प्रज्ञाताईच्या हातात होता, हे मला माहीत होतं. मी म्हटलं, "थकले असतील." त्याने घरी फोन लावला. ताई म्हणाली, आप्पांचा घसा बसलाय, डॉक्टरांनी बोलायला मना केलंय. त्याने विश्वास ठेवला. स्वतः कधी खोटं न बोलणारा माणूस दुसऱ्याचं खोटं फार पटकन मान्य करतो, हे मला त्या वेळी कळलं आणि माझीच मला किळस आली.

तिसऱ्या दिवशी दुपारी बुडापेस्टमध्ये, पुलावर, त्याच्या फोनवर आप्पांच्या नावाने एक शब्द आला. "छान." बिचाऱ्या ताईने भाऊ काळजी करू नये म्हणून लिहिला असेल. मिलिंदने तो दोनदा वाचला. मग माझ्याजवळ आला. "आप्पा टाइप करतात कधी? मी दोन वर्षं शिकवून थकलो. हे कुणी लिहिलं? सरळ सांग ना, घरी काही झालंय का?"

त्याने मला सरळ विचारलं होतं. चेहरा माझ्यापासून हातभर अंतरावर होता. मी म्हटलं, "घसा बसलाय ना, मग शिकले असतील."

त्याचा चेहरा जो उजळला तो मी मरेपर्यंत विसरणार नाही. "शिकले! च्यायला, माझ्यामागे शिकले!" त्याने अमोलला मिठी मारली, श्रुतीला हाका मारल्या. मग तिथेच कठड्याला टेकून एकेक अक्षर जपून टाइप केलं, "आप्पा, जय भीम लिहून दाखवा." आम्ही तिथे थांबलो. श्रुतीच्या आराखड्यातला अर्धा तास गेला. उत्तर आलं, "जय भीम." मिलिंदने फोन आम्हा तिघांना आळीपाळीने दाखवला. त्याचे डोळे भरले होते. "साठीनंतर शिकला माझा बाप," तो म्हणाला. मी नदीकडे तोंड केलं. बाकीच्यांना वाटलं, मी फोटो काढतेय.

जर्मनीतल्या हॉस्टेलवर परतलो त्या दुपारी त्याला ताईचा फोन आला. पाऊणएक तासाने तो माझ्या दारात उभा राहिला. पाठीला सॅक होती, चेहरा कोरडा होता.

"कधी कळलं तुला?"

"व्हिएन्नात. पहिल्या सकाळी."

"विमान होतं?"

"होतं. दुपारी."

"तू बघितलंस?"

"हो."

त्याने सॅकचा पट्टा खांद्यावर ओढून घेतला. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. "मी विचारलं होतं तुला," म्हणाला. "पुलावर. सरळ सांगायचं ना गं." आणि जिना उतरून गेला.

तो घरी पोचला तेव्हा आप्पांच्या जागी भिंतीला टेकवलेला फोटो होता. जलदानविधीला माझी आई मैदान ओलांडून प्रथमच त्यांच्या घरी गेली. मिलिंद नुसता भिंतीकडे बघत बसला होता, असं तिने मला सांगितलं. महिन्याभराने तो जर्मनीला परतला, राहिलेला अभ्यास पुरा केला, पदवी घेतली. स्वयंपाकघरात समोर आला तर मान हलवी. मोबाइल छातीशी धरलेला तो मला पुन्हा कधी दिसला नाही. एकदा मी धीर करून माफी मागायला गेले. त्याने मला वाक्य पुरं करू दिलं नाही. "सरळ सांगतो. तू वाईट नाहीस. ताईपण नाही. पण माझ्या बापाला शेवटचं बघायचं की नाही, हे तुम्ही सगळ्यांनी मिळून ठरवलंत. मला कुणी विचारलं नाही." त्यानंतर तो दिंडोशीला परतला, आईजवळ राहू लागला. मला जर्मनीतच नोकरी लागली. आमचं बोलणं थांबलं ते थांबलंच.

दोन वर्षांनी एका सकाळी मी कामावर जायला निघाले होते आणि फोनवर त्याचं नाव दिसलं. "सरळ सांगतो," तो म्हणाला. ना हॅलो, ना कशी आहेस. "तुझ्या बाबांना काल आयसीयूत ठेवलंय. मेंदूत रक्तस्राव झालाय. अॅम्ब्युलन्समध्ये मीच चढवलं त्यांना. तुझी आई म्हणाली, तिला कळवू नकोस, एकटी आहे तिकडे, घाबरेल. म्हणून कळवतोय. दुपारी विमान आहे, मी बघितलंय. निघ." आणि फोन ठेवला. आदल्याच दिवशी आई मला म्हणाली होती, बाबा झोपलेत, उठल्यावर बोल.

मी पोचले. बाबांनी डोळे उघडले, माझं नाव घेतलं आणि माझं बोट धरलं. दीड दिवस त्यांनी ते सोडलं नाही. मग ते गेले.

स्मशानात मिलिंद मागे, झाडाखाली उभा होता. सगळं आटोपल्यावर मी त्याच्याकडे गेले.

"पोचलीस ना," तो म्हणाला.

"हो."

"बोलले?"

"माझं नाव घेतलं. एकदा."

"बरं झालं." त्याने चपला सरकवल्या आणि फाटकाकडे चालू लागला. त्याला तसं जाऊ देणं सोपं होतं. पण दीड दिवस धरलेलं ते बोट अजून गरम वाटत होतं आणि व्हिएन्नाच्या त्या सकाळी प्रज्ञाताई रडत रडत जे म्हणाली ते माझ्यापाशी तेव्हापासून तसंच पडून होतं. ती घरात ते कुणाजवळ पुन्हा बोललीच नसावी. मी मागून धावले.

"मिलिंद, सरळ सांगते. आप्पा जायच्या आधी शुद्धीवर होते. ताईला त्यांनी विचारलं होतं, मिल्याचं वळण आलं का?"

तो थांबला. वळला नाही.

"आलं होतं?"

बसमधला तो त्याचा हात, पुन्हा पुन्हा पाठवायची खटपट करणारा, आणि "उद्या पाठव" म्हणणारी मी, दोन्ही माझ्या डोळ्यांसमोर उभं राहिलं.

"नाही," मी म्हटलं. "मी तुला फोन ठेवायला लावला होता."

त्याने फाटकाची कडी धरली. त्याचे खांदे हलत होते. आप्पा गेल्यानंतर तो रडला असेल तर मला ठाऊक नाही, पण त्या सकाळी रडला. मग बाहीने तोंड पुसून, माझ्याकडे न बघता म्हणाला, "सांगितलंस ते बरं केलंस."

आणि तो गेला. त्यानंतर आम्ही भेटलेलो नाही.