मोठ्या आईची सैल वीण

माणूस समोर आलं की अक्का आधी त्याची पाठ मोजायच्या. पाहुणा चप्पल काढतोय तोवर त्या मागून जाऊन वीत टेकवायच्या. मानेपासून कमरेपर्यंत, मग या खांद्यापासून त्या खांद्यापर्यंत. "हलू नको. लई रुंद झालास की रं," असं म्हणत शेवटी पाठीवरून एकदा हात फिरवायच्या. त्या हाताचा मापाशी काही संबंध नसायचा. पण तो फिरला की माणूस तिथंच फरशीवर बसायचा आणि चहा होईपर्यंत घरातलं सगळं सांगून मोकळा व्हायचा. मी जिन्यात उभी राहून हे बघत असे. मापं मीही घ्यायची, टेपनं. माझ्याजवळ असं कधी कुणी बसलं नाही.

अक्का माझ्या थोरल्या जाऊबाई. पडेगावला आमचं दोन मजली घर आहे. खाली अक्का आणि माझे थोरले दीर, दादा; वर आम्ही. आमच्या सासऱ्यांची मेंढरं होती. दोन्ही भाऊ लहानपणी त्यांच्या मागं रानोमाळ फिरलेले. पुढं दादा वाळूजला कंपनीत लागले, आमचे हे कचेरीत, आणि मेंढरं विकली गेली. मी शहरातली, शाळा शिकलेली. शाळेत हस्तव्यवसायाच्या तासाला विणायला शिकले होते आणि लग्नात येताना सुयांचे जोड घेऊन आले होते. अक्कांनी ते बघितले आणि म्हणाल्या, "सुमन, मलाबी दाव की गं. बाप लोकर कातायचा, पर हे असलं कधी बघितलं नाय."

म्हणजे शिकवलं मी. हे मी आधीच सांगून ठेवते, कारण आमच्या भावकीत कुणाला विचारलंत तर ते म्हणतील, विणकाम अक्कांचं.

खरं तर अक्कांच्या सुईवरून पुरा उतरलेला स्वेटर विरळाच. पाठ व्हायची. पुढचा भाग व्हायचा. गळ्याशी आल्या की कुणीतरी यायचं. येणाऱ्याच्या तोंडाकडं बघत अक्का विणत राहायच्या आणि मध्येच एखादा टाका सुटायचा. तो खाली ओळीओळीनं घरंगळत गेल्यावर त्यांच्या लक्षात यायचं. मला असलं काही दिसलं की मी हातातलं सगळं टाकून आधी तो टाका उचलते. अक्का मात्र हसायच्या, सुई उपसून काढायच्या आणि लोकर भराभर ओढायला लागायच्या. "उसवलं म्हणून लोकर मेली काय?" म्हणायच्या. तोवर ज्याच्यासाठी विणायला घातला ते लेकरू वाढलेलं असायचं. मग तीच लोकर दुसऱ्या लेकरासाठी. एक निळी लोकर आमच्या नणंदेच्या मोठ्या मुलासाठी म्हणून शहागंजातून आणली होती. ती त्याच्याकडून त्याच्या भावाकडं, तिथून शेजारच्या पोरीकडं गेली आणि शेवटी एका बाळाचं टोपरं होऊन थांबली. गंमत म्हणजे ही सगळी मुलं आता मोठी झाली तरी सांगतात, "अक्कानं माझ्यासाठी निळा स्वेटर घातला होता." घातला होता, एवढंच. अंगात कुणाच्याच गेला नाही.

माझं तसं नव्हतं. मी घेतलेलं काम पुरं करते. बाह्या जोडून, गळा उचलून, बटणं लावून, ओल्या फडक्याखाली हलकी इस्त्री फिरवूनच देते. माझा स्वेटर उलटा केला तरी जोड सापडत नाही. लोक हातात घेऊन म्हणतात, "बाजारातला वाटतो!" आणि घडी घालून कपाटात ठेवतात. लग्नाकार्याला काढतात. कुणी त्यात झोपलं, कुणी त्यावर वरण सांडलं, असं मी कधी ऐकलं नाही.

एकदा संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आमच्या भागातल्या महिला मंडळानं विणकामाची स्पर्धा ठेवली. मी सायीच्या रंगाचा, वेण्यांच्या नक्षीचा स्वेटर ठेवला. अक्कांनी काय ठेवावं? अर्धी पाठ, सुया तशाच खुपसलेल्या. पहिला नंबर मला मिळाला. स्टीलचा डबा हातात घेऊन मी मागं वळले, तर टाळ्या वाजवायलासुद्धा समोर कुणी नव्हतं. सगळ्या बायका कोपऱ्यातल्या टेबलाशी. तिथं अक्का कुणाच्या तरी नातवाला उभं करून ती अर्धी पाठ त्याच्या पाठीला लावून बघत होत्या, पोरगं गुदगुल्यांनी वाकडं होत होतं, आणि बायका हसून हसून डोळे पुसत होत्या. त्या गर्दीत माझी मनूही होती. घरी येताना ती अक्कांच्या कडेवर होती. डबा मी उचलला होता.

मनू माझी एकुलती एक. आमच्याकडं थोरल्या चुलतीला मोठी आई म्हणतात. तशी रीत आहे, त्यात कुणाचा काही दोष नाही. पण मला तो 'मोठी' शब्द रोज टोचायचा. शाळेतून आली की दप्तर खाली टाकायची आणि खालीच राहायची. वरून मी हाक मारली की उत्तर यायचं, "मोठी आई माप घेतीये!" दर आठवड्याला काय माप घ्यायचं असतं पोरीचं? आणि जाऊबाई पडल्या थोरल्या. त्यामुळं हेवा करायचा, तोही अहो-जाहो करून.

मनू नर्स झाली आणि तिला पार हिमाचलात, डोंगरातल्या एका दवाखान्यात नोकरी लागली. मी कामाला लागले. स्वेटर, टोपी, हातमोजे, मोजे, सगळं एका रंगात, जायच्या आधी तयार. खाली अक्कांनीही डाळिंबी लोकर काढली होती. मी मनात म्हटलं, होतोय हिचा! आणि झालंच तसं. जायचा दिवस आला तेव्हा डाळिंबी स्वेटरला डावी बाही होती, उजवी नव्हती.

"राहू दे गं," अक्का म्हणाल्या. "सुटीला येशील तवा दुसरी घालते."

मनूनं तो त्यांच्या हातातून घेतला, उघड्या टाक्यांत दोरा ओवून गाठ मारली आणि बॅगेत सगळ्यात वर ठेवला.

पहिल्या थंडीत तिचा व्हिडिओ कॉल आला. मागच्या खिडकीत बर्फ. मी आधी अंगावर काय आहे ते बघितलं. डाळिंबी स्वेटर. उजव्या हाताला शालीचं टोक गुंडाळलेलं.

"मी दिलेला कुठं आहे?" मी विचारलं.

"आहे ना आई. तो किती छान आहे! ड्युटीला जाताना घालते. हा घरात."

"एका बाहीचा?"

"ह्याच्यात झोपता येतं गं. तुझा खराब होईल अशी भीती वाटते."

मी फोन ठेवला. यांनी विचारलं, पोरगी बरी आहे ना? मी म्हटलं, बरी आहे, ऊबदार आहे.

पुढच्या भाद्रपदात अक्कांना लकव्याचा झटका आला. जीव वाचला, बोलणं थोडं जड झालं, आणि उजवा हात गेला. तो मांडीवर ठेवला की तिथंच राहायचा. मला वाटलं, आता खालची वर्दळ कमी होईल. ती वाढली. बायका यायच्या, आपलं अर्धवट विणकाम अक्कांच्या मांडीवर पसरायच्या आणि बोलत बसायच्या. अक्का डाव्या हातानं त्यांची पाठ मोजायच्या. हे बघून मला काय वाटायचं ते सांगू? ज्या बाईला उजव्या हातानं घास उचलता येत नव्हता, तिचाही मला हेवा वाटायचा. तिचं जेवण मीच भरवायची आणि भरवता भरवता वाटायचा.

दिवाळीला मनू आली ती स्वेटर घेऊनच. अक्कांच्या मांडीवर ठेवला आणि त्यांच्या पोटात तोंड खुपसून रडली. अक्कांनी उजव्या हाताकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"सुमन, बाही तू घाल."

"अक्का, माझा हात तुमच्यासारखा नाही."

"व्हय, नाय. पर दुसरा कुनाचा हाय?"

मनू परत गेली, स्वेटर माझ्याकडं राहिला. मी टाके उचलले आणि वीतभर विणलं. डाव्या बाहीशेजारी धरलं तर माझी बाही बारीक, कडक, नळीसारखी. आयुष्यात पहिल्यांदा मी चांगलं विणलेलं उसवलं. जाड सुई घेतली, पुन्हा तेच. रोज दुपारी खाली अक्कांच्या खाटेशी बसून विणायची आणि उठताना उसवायची.

"लई वढतीस," अक्का म्हणायच्या. "ते काय बाजंचं सुंभ हाय व्हय?"

"मग कसं धरू?"

"धरूच नको. बोल माझ्यासंगं."

"काय बोलू?"

"काय बी. लगीन होऊन आलीस तवापास्नं तू बोललीच कुठं?"

मग मी बोलले. माहेरचं बोलले, आईचं बोलले. बोलता बोलता एक दिवस टाका सुटला आणि मला कळलंच नाही. अक्कांना दिसला. त्यांच्या वाकड्या झालेल्या तोंडावर असं हसू पसरलं, जणू मीच पहिला नंबर काढला होता. डावा हात कसाबसा माझ्या पाठीपर्यंत नेला आणि वीत टेकवली. इतक्या वर्षांत माझी पाठ त्यांनी पहिल्यांदाच मोजली होती. कदाचित मीच कधी पाठ केली नव्हती त्यांच्याकडं.

पौषात अक्का गेल्या. तेव्हा बाही कोपरापर्यंत आली होती. मनू आली, दिवस झाले. माणसांनी भरलेल्या घरात, येणाऱ्या-जाणाऱ्यांशी बोलत, मी उरलेली बाही विणली आणि मनू निघायच्या आदल्या दिवशी टाके बंद केले.

स्टेशनवर सकाळचा गारठा होता. मनूच्या अंगात तोच स्वेटर. समोरच्या सीटवरच्या बाईंनी बाहीला हात लावून विचारलं, "घरी विणलाय? कुणी?"

"मोठ्या आईनं," मनू म्हणाली. मग तिनं खिडकीतून माझ्याकडं बघितलं आणि पुढं काही सांगायला तोंड उघडलं. मी मान हलवून नको म्हटलं. गाडी हलली.

गेलेल्या माणसाचा हेवा करू नये. मी केला. रिक्षात बसून पडेगाव येईपर्यंत केला.

घरी दादा ओट्यावर उन्हाला बसले होते. धाकट्या भावजयीशी ते फारसं बोलत नाहीत. मी पदर डोक्यावर घेतला आणि जिन्याकडं वळले.

"गेली का पोरगी?"

"गेली."

"स्वेटर घातला व्हता?"

"घातला होता."

दादा म्हणजे लहानपणापासून लोकर हाताळलेला माणूस.

"उजवी बाही," ते म्हणाले, "जराशी घट्ट झाली."

"व्हय दादा," मी म्हटलं, आणि वर न जाता तिथंच पायरीवर बसले.