मुतखड्यावर पुण्याची बियर

माझ्या मुतखड्यामुळे माझ्या पोरीचं लग्न जमलं, असं मी सांगत असतो. बायको म्हणते, मुतखडा असूनही जमलं. दोन्ही खरं धरून चाला.

आमच्या कुरुंद्यात हळदीच्या खालोखाल कशाचं पीक येत असेल तर मुतखड्याचं. (पाणीच तसं आहे म्हणतात. निदान नाव तरी पाण्याचं घेतात.) डॉक्टरने मला सांगितलं, भरपूर पाणी प्या. पण फुकटच्या औषधावर माणसाचा विश्वास बसत नाही. गावाने सांगितलं, बियर प्या. ज्या घरात दारूचं नाव काढलं तर चप्पल भिरकावली जाते, त्याच घरात मुतखड्याला बियर चालते. ते औषध. माझी बायको सुरेखा तिला औषधच मानते आणि औषध पाजायची तिची रीत ठरलेली आहे: सकाळी, उपाशीपोटी, तांब्याने, उभ्या उभ्या, एका दमात. वरून नाक दाबायला लावते. वसमतहून आणलेली साधी बियर मी अशी एकदा प्यालो होतो. खडा जागचा हलला नाही, ढेकर मात्र संध्याकाळपर्यंत आले.

आता पोरीचं. आमची पल्लवी आणि पुसेगावच्या गुरुजींचा अमोल, दोघं नांदेडला एका कॉलेजात शिकली, एकमेकांना पसंत पडली. आम्हाला नंतर कळवण्यात आलं. पोरगं सोन्यासारखं. अडचण एकच, गुरुजी. रिटायर झाले तरी त्यांचा छडीचा हात गेलेला नाही. त्यांनी मध्यस्थाकडून एवढंच विचारलं होतं, "घरात कुणी पेत न्हाई ना? पेणाऱ्याच्या घरची सोयरीक आमाला नको."

मध्यस्थ छाती ठोकून म्हणाला, "अहो, ते चहासुद्धा फुंकून पेतात."

झालं. मंडळी रविवारी यायची ठरली. पल्लवीने मला बजावलं, "बाबा, तुमी फक्त हसा. बोलू नका." मला वाईट वाटलं, पण पोरगी मला ओळखून आहे.

रविवारी पहाटे माझा मेव्हणा नितीन पुण्याहून आला. पोरीचा मामा, बैठकीला पाहिजेच. त्याने पिशवीतून एक काळी, जाडजूड बाटली काढली. बुचावर लाख ओतलेली.

"दाजी, ही साधीसुधी बियर नाही," तो म्हणाला. (पुण्यात राहून त्याचं 'न्हाई'चं 'नाही' झालंय.) "क्राफ्ट बियर. अठरा टक्के. लाकडी पिंपात वर्षभर मुरवलेली. येते त्या दिवशी लोक रांगा लावतात."

"रेशनसारख्या?"

"ही प्यायची नसते दाजी, चाखायची असते. संध्याकाळी, एवढ्याशा ग्लासात. आधी वास घ्यायचा. कॉफी, चॉकलेट, खजूर, एकेक नाकाला लागतं."

"मंग खजूरच आणायचा ना बाबा."

तो दुखावला. पाहुणे गेल्यावर रात्री चाखवतो, म्हणाला, बाटली खालीच ठेवली आणि माडीवर जाऊन झोपला. सुरेखा स्वयंपाकघरात पुरणाची डाळ शिजवत होती. तिच्या कानावर एवढ्या सगळ्यातून एकच शब्द पडला: बियर. भाऊ दाजींसाठी औषध घेऊन आला म्हणून तिचे डोळे भरून आले.

मी आंघोळ करून बाहेर आलो आणि कमरेत कळ आली. अशी आली की धोतर नेसता नेसता मी भिंतीला टेकलो. पाहुणे वाटेत होते.

"आता कसं करावं?" सुरेखा म्हणाली. "पाहुण्यासमोर असं वळवळ करून राहिले तर ते म्हणतील, हे मानूस आजारी हाय." मग तिला बाटली आठवली. लाख तिने सुरीने फोडली. तांब्या काठोकाठ भरला. बाटलीत उरलेलं तिने दुपारच्या डोसासाठी फडताळात ठेवलं. तांब्यातलं काळंकुट्ट, दाट, वर तपकिरी फेस.

"हे काकवीवानी काहून दिसून राहिलं?"

"पुण्याचं हाय. भारी औषध असंच असते. दाबा नाक."

नाक दाबलं आणि एका दमात प्यालो. तांब्या खाली ठेवला तेव्हा मला काहीच वाटलं नाही. याच्यासाठी पुण्याची माणसं रांगा लावतात, म्हणून मला त्यांची कीव आली. थोड्या वेळाने कळ गेली. आणखी थोड्या वेळाने कंबरच गेली. म्हणजे होती, पण माझी वाटेना.

तेवढ्यात दारात जीप थांबली. गुरुजी, अमोल आणि त्याची आई उतरली.

मी ओट्यावरून उतरलो. ओटा एक पायरीचा आहे, मला तीन लागल्या. गुरुजी हात जोडून उभे होते. त्या माणसाइतका सुंदर माणूस मी जन्मात पाहिला नव्हता. मी त्यांना मिठी मारली आणि रडायला लागलो.

"अहो, सोडा," सुरेखा मागून म्हणाली आणि पाहुण्यांकडे बघून हसली. "पोरगी लई लाडाची हाय न त्यांची."

गुरुजींच्या मंडळींनाही गहिवरून आलं. "बापाचं काळीज," त्या म्हणाल्या. इथवर सगळं बराबर चाललं होतं. मी गप्प बसलो असतो तर.

पण माझ्या पोटात आनंद मावेना. मी गुरुजींना हळदीची लागवड सांगितली. मग शिजवण सांगितली. मग पॉलिश. पल्लवी पोहे घेऊन आली. तिने माझ्याकडे पाहिलं. मी सांगितल्याप्रमाणे हसलो. फार हसलो. तिचा चेहरा उतरला, आणि मला वाटलं, पोरगी सासरी जायच्या विचाराने खचली. हिला धीर दिला पाहिजे. आता उशीर कशाला?

पाहुण्यांना जाताना द्यायला घरच्या हळदीचा डबा काढून ठेवला होता. मी झाकण उघडलं, मूठ भरली आणि म्हणालो, "जावईबापू, पुढं या."

अमोल बिचारा आज्ञाधारक. पुढे आला. मी त्याच्या दोन्ही गालांना, कपाळाला, हातांना हळद लावली. उरलेली गुरुजींच्या कपाळाला लावली. मांडवात लावतात तशी, गाणं म्हणत.

गुरुजींनी नाक वर करून वास घेतला. "हा कशाचा वास येऊन राहिला?"

"औषधाचा," सुरेखा म्हणाली. "मुतखड्याची तकलीफ हाय त्यांना."

ती खरं बोलत होती, आणि निभावलंही असतं. पण माडीवरून उतरलेला नितीन हाफ पँटवर स्वयंपाकघरातून बाहेर आला. हातात लाखेचे तुकडे, चेहरा सुतकी.

"अक्का, माझी बियर कुठंय? अठरा टक्क्यांची?"

"दाजींना पाजली की. तांब्याभर."

"तांब्याभर?" नितीन मटकन खाली बसला. "नाक दाबून?"

पल्लवी दाराला टेकून उभी होती. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि तेवढ्या नशेतही ते मला दिसलं. माझी सगळी मजा उतरली. पाय मात्र तसेच होते.

गुरुजी म्हणाले, "बाटली आणा."

सुरेखाने फडताळातून बाटली आणली. गुरुजींनी चष्मा लावला. कपाळाला हळद, नाकावर चष्मा, अशा थाटात त्यांनी पेपर तपासावा तसं सगळं लेबल वाचलं. मग हळूच स्वतःच्या कमरेवर हात ठेवला.

"गुण येतो का याच्यानं?"

"कळ तर थांबली," मी म्हणालो. जीभ जड होती, पण उत्तर प्रामाणिक होतं.

"साध्यापेक्षा ताकद किती?"

"तिप्पट," नितीन रडक्या आवाजात म्हणाला.

"म्हंजे ह्यांनी एका दमात तीन तांबे घेतले. मंग मानूस नाचलं न्हाई हेच नवल." गुरुजी मंडळींकडे वळले. "माझ्या खड्याला साधी लागू पडली न्हाई. बशी आणा. आमी पेत न्हाई, हे ध्यानात ठेवा. औषध घेतो."

नितीनने एकदा हात पुढे केला, मग मागे घेतला. गुरुजींनी बाटलीत उरलेलं सगळं बशीत ओतलं, फुंकर घातली आणि चहासारखं भुरकलं.

"जळकी काकवी," ते म्हणाले. "पण वाईट न्हाई. मागून खजूर लागते."

नितीनच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा जीव आला.

मग गुरुजींच्या मंडळींनी निकाल दिला. "लेकराला हळद लागली. हळद लागलेलं पोरगं सोयरीक पक्की झाल्याबिगर शीव कसं ओलांडीन? साखर काढा." साखर निघाली, नारळ निघाला, पल्लवी डोळे पुसत हसली. मी आनंदाने पुन्हा गुरुजींना मिठी मारली. या खेपेला त्यांनीही मारली, आणि माझ्यापेक्षा घट्ट.

आठवड्याने फोन आला. "इवाई, पडला," व्याही झालेले गुरुजी ओरडत होते. "खडा पडला." आता प्रत्येक सणाला नितीन पुण्याच्या रांगेत उभा राहून त्यांच्यासाठी बाटली आणतो. दोघं संध्याकाळी बशा घेऊन बसतात, वास घेतात, कॉफी का चॉकलेट यावर भांडतात.

माझा खडा आहे तिथंच आहे. सुरेखाने माझी बियर कायमची बंद केली, मी डॉक्टरचं पाणी पितो. लोक येऊन विचारतात, "त्या अठरा टक्केवालीचं इतकं कौतुक करतात, खरंच तशी लागते का हो?" मी त्यांना पुसेगावचा रस्ता दाखवतो. सगळ्यांत जास्त मी प्यालो, पण चवीचं मला विचारू नका. मी नाक दाबलं होतं.