काचेवरचा मंदावलेला तारा

तिला एका जागी बसवत नसे. चहासुद्धा ती उभ्यानं, कपाटाला टेकून प्यायची. वेधशाळेच्या तळघरात सगळे तिला भिंगरीच म्हणत. काम मात्र नेमकं बैठं: काचेवर टिपलेले आकाशाचे जुने फोटो संगणकात उतरवण्याआधी पुसायचे. काचेवर आकाश फिकट आणि तारे म्हणजे काळे ठिपके. पूर्वी तारे मोजणाऱ्या बायकांनी मागच्या बाजूनं शाईच्या खुणा केल्या होत्या. त्यांखाली तारे झाकले जात, म्हणून खुणा घालवायच्या.

एका दुपारी तिचा हात थबकला. फिकट ठिपक्याभोवती वर्तुळ, शेजारी फुगल्या पोटाचं, लांब शेपटीचं प्रश्नचिन्ह. हे वळण तिच्या मावशीचं. अठ्ठावन्न वर्षांपूर्वी मावशी इथंच नोकरीला होती.

सुटल्यावर ती तडक मावशीकडे गेली. मोबाईल पुढे धरला.

"मावशे, हे काय गं?"

मावशीनं चष्मा चढवला. "अगं बाई! हा तारा सात महिने मंदावला होता. साहेब म्हणाले, काचेचा दोष आहे. सात महिन्यांच्या सगळ्याच काचांना दोष? पण माझं लग्न ठरलं, नोकरी सुटली. डोक्यातून मात्र गेला नाही मेला."

भिंगरीला चैन पडेना. जेवणाच्या सुट्टीत ती पुढच्या वर्षांच्या पेट्या उपसू लागली.

"अहो, क्रमानं घ्या!" मुकादम ओरडले. "घर शिफ्ट करताय का?"

आकाशाचा तोच तुकडा, तोच ठिपका. शेजारच्या ठिपक्यांशी ताडून बघायचा. नवव्या दिवशी सापडलं. एकोणतीस वर्षांनंतरच्या काचांवर तारा पुन्हा सात महिने फिका! तिनं बोटांवर हिशेब केला आणि धडधडत जिना चढून संशोधक सरांकडे गेली.

"सर, हा तारा दर एकोणतीस वर्षांनी मंदावतो. पुढची खेप याच वर्षी!"

"आधी बसा तरी."

"बसत नाही. तुम्ही बघा."

सरांनी रोजच्या आकाश-पाहणीची नोंद उघडली आणि खुर्चीत सरसावले. तारा तीन आठवड्यांपासून मंदावत होता.

मग मोठ्या दुर्बिणी तिकडे वळल्या. ताऱ्याचा निळा प्रकाश जास्त अडत होता, तांबडा कमी. धुळीची हीच तऱ्हा. त्या ताऱ्याला एक जोडीदार होता, त्याच्याभोवती धुळीचं अवाढव्य कडं, आणि एकोणतीस वर्षांनी एकदा ते आडवं येई. सात महिने भिंगरी रोज सकाळी वर जाऊन विचारी, "आज किती उतरला?" मधल्या काळात तिनं भांडून नियम बदलून घेतला: पुसण्याआधी प्रत्येक खुणेचा फोटो.

शोधनिबंधात मावशीचं नाव आलं. भिंगरीनं ते तिला दोनदा वाचून दाखवलं.

"त्या धुळीचं पुढं काय होणार?" मावशीनं विचारलं.

"कदाचित ग्रह बनतील. पुढच्या वेळी कडं वेगळं दिसलं तर काही कळेल."

"म्हणजे आणखी एकोणतीस वर्षं?" मावशी वैतागून उठलीच. "मधे काहीच बघता येत नाही होय? विचार त्या सरांना. उद्याच विचार!"