अंबाडीला फूल येऊ नये म्हणून

सूक वाकिफ या आखातातल्या जुन्या बाजारात मसाल्याच्या दुकानापुढे आज सुक्या लाल बोंडांचं पोतं उघडं होतं. इथले लोक ती सरबताला नेतात. मला मात्र त्या आंबूस वासाने अंबाडी आठवली, आणि अंबाडीबरोबर ती शेजारीण. माझं शिक्षण चौथीपर्यंतचं, लिहायची सवय नाही. पण हे बोलून सांगण्यापेक्षा लिहिणं सोपं.

अल हिलाल भागात एका जुन्या व्हिलाच्या, म्हणजे बंगल्याच्या, खोल्या भाड्याने दिलेल्या होत्या. आम्ही मागच्या खोलीत, ती पुढच्या. दोघींचे नवरे ड्रायव्हर, दोघी लातूरकडच्या. उन्हाचा कडाका ओसरू लागला तशी तिने गेटजवळ अंबाडी पेरली, मी मागच्या भिंतीशी. बी एकाच पुडीतलं. माझी जेमतेम गुडघ्याएवढी झाली आणि कळ्यांवर आली. अंबाडी फुलावर आली की पानं बारीक निघतात, देठ चिवट होतात, भाजी संपते. मी रोज सकाळी कळ्या खुडायचे, शेंडे मोडायचे. पुन्हा नव्या कळ्या हजर. तिची मात्र कमरेला लागली, नुसती पानंच पानं. शुक्रवारी तिने वाडगाभर भाजी आणून दिली. पहिला घास घेऊन हे म्हणाले, "आईच्या माघारी अशी भाजी आज खाल्ली." बारा वर्षांच्या संसारात माझ्या कुठल्याच भाजीला ते असं म्हणाले नव्हते. तेव्हापासून मला तिचं सगळंच खुपू लागलं, तिचं मोकळं हसणंसुद्धा.

शेजारच्या बंगल्यातल्या केरळी माळ्याने कारण सांगितलं. "दीदी, उसको गेट का लाइट रातभर मिलता है. रात लंबा नहीं लगता, तो फूल नहीं आता."

गेटजवळ जागा होती. मी तिथे पुन्हा बी टाकू शकले असते. पण मी वॉचमनला म्हणाले, "लाइट आँख में आता है, नींद नहीं आती." परक्या माणसाशी मी आपणहून बोलले, ते पहिल्यांदाच. माझ्या खोलीपर्यंत तो उजेड पोचतही नव्हता. त्याने काही विचारलं नाही. "खलास, बंद," म्हणाला.

महिन्याभरात तिने हाक मारली, "वहिनी, या की जरा! ही सवत बघा, माझ्याकडं बी आली." शेंड्याला कळ्या होत्या. तिने उरलेली चांगली पानं खुडली, दोन ढीग केले आणि मोठा माझ्या पदरात टाकला. "न्या. तुमच्यात खाणारा हौशी हाय."

घरी मी ती भाजी केली. हे म्हणाले, "आज जमली बघ तुला. अगदी तिच्यासारखी."

"पानं तिचीच होती," एवढंच मला बोलता आलं.

दुसऱ्या दिवशी मी वॉचमनला दिवा लावायला सांगितलं. तो लागला, पण कळी धरलेलं झाड मागे फिरत नाही. पुढे तिच्या नवऱ्याचं काम सुटलं आणि ते दोघं गावी गेले. निघताना तिने मला मिठी मारली. सांगायचं वाक्य ओठांवर तयार होतं, आणि मी म्हणाले, "सांभाळून जा." त्या हिवाळ्यात तिच्या जागी, गेटच्या दिव्याखाली मी नवं बी टाकलं, आणि माझ्या हातची अंबाडी हे मिटक्या मारत खायचे. मला आजही तिचा हेवा वाटतो, मोठा ढीग देताना तिचा हात जरासुद्धा अडखळला नव्हता, त्याचा.