हरेश्वरकाकांचा आकडा

अलिबागजवळच्या आमच्या तंत्रनिकेतनात काँक्रीट तपासायचं मशीन एकच, आणि त्याचे मालक हरेश्वरकाका. कागदोपत्री ते प्रयोगशाळेतले मदतनीस. पण त्या खोलीत प्राचार्यसुद्धा जरा दबकूनच शिरतात. एकोणीस वर्षं काका काँक्रीटचे बीम वाकवून मोडताहेत आणि त्याचा पगार घेताहेत. इतक्या आनंदाने मोडतोड करणारा सरकारी माणूस दुसरा नसेल!

मोडण्याआधी बीमवर बोटाच्या पेराने टकटक करायची, कान लावायचा आणि किती किलोन्यूटन भाराला मोडेल तो आकडा सांगायचा. मशीनचा काटा तिथे पोचला की खाड्! दोन तुकडे. एकोणीस वर्षांत आकडा एकदाही चुकला नव्हता. निदान काका तरी तसं सांगत.

यंदा किहीमच्या प्रणालीने आपल्या प्रकल्पाचा बीम आणला. काँक्रीटमध्ये मिसळलेल्या बारीक पोलादी तारा, प्रत्येकीच्या दोन्ही टोकांना आकडे.

"हे काय गो? मासे धरायला गळ घातलेस?"

"मासे न्हाय काका, तुम्हालाच धरायचंय. आकडा चुकला तर पोपटी तुमच्याकडून."

काकांनी टकटक केली. "साडेतेरा!"

सगळा वर्ग मशीनभोवती जमला. अकरा... बारा... साडेतेरा, आणि बीमच्या पोटाला केसाएवढी भेग! काका नाचलेच.

पण खाड् काही येईना. काटा चढतच राहिला. चौदा. पंधरा. भेग रुंदावली आणि आत तारा दिसल्या, दोन्हीकडे आकडे रोवून भेग ओढून धरणाऱ्या. सतरा! बीम चांगला वाकला, पण सुटेना.

"जिंकलात काका," प्रणाली प्रामाणिकपणे म्हणाली. "भेग साडेतेरालाच पडली."

"भेग पडली म्हंजे तुटला व्हय? धरून हाय अजून! तुझ्या आकड्यांनी माझा आकडा खाल्ला गो! हरलो!" काका इतक्या आनंदाने ओरडले की शेजारच्या वर्गातले मास्तर धावत आले.

शनिवारी संध्याकाळी काकांच्या वाडीत पोपटी लागली, वालाच्या शेंगांचं मडकं जाळात गेलं. काकांनी तोच बीम दोन विटांवर ठेवला आणि आपले एक्याण्णव किलो नेमके भेगेवर टेकवले. मग खाली वाकून टकटक.

"काय म्हणतोय?" प्रणालीने विचारलं.

"गप गो. आकडा सांगत न्हाय अजून."