यीस्टकडून लागणारं नातं

आमचे दाजी म्हणजे एक नमुनाच. सगळा जन्म बेकरीत गेला, तरी यीस्ट कोमट पाण्यात भिजवलं की अजून त्याच्याशी बोलतात. "उठा आता, लोक खोळंबलेत!" ते फसफसलं की स्वारी खूश. पहिला नवरा गेल्यावर माझ्या ताईनं यांच्याशी लग्न केलं, तेव्हा भाची नुकती चालायला लागली होती. तिलाही त्यांनी असंच बोलून बोलून वाढवलं.

भाची कॉलेजात जीवशास्त्र शिकवायची. मग तिच्या दोन्ही किडन्यांनी हात टेकले. डॉक्टर म्हणाले, रक्ताच्या नात्यातलं कुणी किडनी देतंय का बघा. ताईचा रक्तगट जुळेना, मला मधुमेह. दाजी पडले सावत्र, त्यांना कुणी विचारलंच नाही. ते भट्टीपुढे तोंड पाडून बसायचे. मला त्यांची दया यायची आणि रागही यायचा, की हा माणूस बोलत का नाही.

एकदा भाचीनंच त्यांना हसवायला म्हणून सांगितलं, "बाबा, ते यीस्ट आपलं नातेवाईक आहे बरं का. फार फार पूर्वी त्याचा आणि आपला पूर्वज एकच होता. त्याची कितीतरी जनुकं अजून आपल्यासारखीच आहेत."

झालं! दाजींच्या डोक्याचा पार भुगा. पाव करपायला लागले. शेवटी अंगावरच्या पिठासकट, मला सोबत ओढत, डॉक्टरांसमोर जाऊन उभे.

"मीपण रक्ताचाच," म्हणाले. "यीस्टकडून."

डॉक्टर माझ्याकडे बघायला लागले. मला हसावं की रडावं कळेना.

"अहो, यीस्ट माझं लागतं, तिचंही लागतं. मग आम्ही दोघं एकमेकांचे कुणीच नाही, असं कसं?"

डॉक्टरांनी तपासण्या करून घेतल्या. जुळलं! ताईला रडू फुटलं. दाजींची छाती फुगली. "बघा, निघालं की नाही नातं?"

"नात्याचा प्रश्नच नव्हता हो," डॉक्टर म्हणाले. "रक्तगट जुळतोय, तब्येत ठणठणीत आहे. परक्याचीही चालली असती."

दाजींचा चेहरा खर्रकन उतरला. भाचीच्या खाटेपाशी येऊन अपराध्यासारखे म्हणाले, "पोरी, मला काहीच कळेनासं झालंय. कुणाचीही चालली असती म्हणे."

"चालली असती ना," ती म्हणाली. "पण बाबा, तुमच्यामागं रांगेत कुणी उभं आहे का?"

दाजींनी खरंच मागे वळून पाहिलं.